वादी अदाईची मिशीवाली राजकन्या

"थांबव! भास्क्या, थांबव ती कॅसेट! हिरो बाई आहे!"

तू सोफ्यावर उभा राहून ओरडत होतास. डोक्यावर पदरासारखा घेतलेला टॉवेल, नाकाखाली ती करवंदीच्या जाळीसारखी मिशी, आणि घशात अजून राजकन्येचाच आवाज अडकलेला, त्यामुळे ओरडणंही बारीक, बायकी निघत होतं.

"बाई कुठली? चिलखत दिसत नाही? टोपावर हातहातभर पिसं आहेत, हातात भाला आहे. सेनापती आहे तो!"

"कानाला भोकं बघ!"

"पेशव्यांच्या कानातही भिकबाळी होती. त्यांनाही लुगडं नेसवतोस का?"

"हनुवटी बघ! मनगट बघ! बायकांचे आवाज माझे, पुरुषांचे तुझे, हे ठरलंय की नाही? मग हिरो बाई आहे म्हणजे हिरो माझा!"

शेजारचे हसनचाचा, मूळ रत्नागिरीचे, मत्रहच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, कापडाचं दुकान चालवणारे, जुम्म्याची नमाज आटपून नेहमीसारखे बिर्याणीचं पातेलं घेऊन बसले होते. ते म्हणाले, "अरे, बाई असो नाहीतर बाप्या असो, तो लढाईला जातो का नाही तेवढं सांगा. बिर्याणी थंड होतेय."

प्रभ्या, तुला शेवटचं गावी पोचवून मी मस्कतला परत आलो तेव्हा विमानात शेजारच्या माणसाला मी हे भांडण पहिल्यापासून ऐकवलं. त्यालाही मी हेच सांगितलं, तुलाही सांगतो. हिरो माझा. तू आता उलट बोलू शकत नाहीस म्हणून नव्हे. तेव्हाही माझाच होता.

आपल्याला न ओळखणाऱ्यांना वाटेल की दोन शिकलेसवरलेले मराठी बाप्ये ओमानमध्ये बसून हाँगकाँगच्या बाईवरून का भांडत होते. दोष तुझ्या त्या मिस्टर लामचा. मस्कतच्या गाला भागातल्या साइट ऑफिसात तुझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा सर्व्हेअर, बोलायला कमी, हसायला त्याहून कमी. त्याच्या आईला जुन्या कँटोनीज सिनेमांचं वेड. ती हाँगकाँगहून मुलासाठी कॅसेटी पाठवायची, मुलाला त्या बघवत नव्हत्या, आणि तुला नाही म्हणता येत नव्हतं. पन्नास-साठ सालातले सिनेमे. विनोदी, प्रेमाचे, आणि ते गाण्यांचे, संगीत नाटकासारखे. इंग्रजीचं एक अक्षर नाही. खाली चिनी अक्षरांच्या मुंग्या, वर गाणं. पहिल्या शुक्रवारी आपण सगळ्यांनी तोंडं वासून अर्धा तास बघितलं. मग वहिनी म्हणाली, "ही का रडतेय?" आणि तू एकदम बारीक आवाज काढून, पडद्यावरच्या बाईचे ओठ हलतील तसतसं, महाडकडच्या बोलीत सुरू झालास, "रडू नको तर काय करू माझे बाय, सासू मेली नाय आन् नवरा आला नाय!"

दुसऱ्या क्षणी पडद्यावर दारात आलेल्या त्या नवऱ्याला माझा आवाज फुटला. मी एसी विकणारा माणूस. थंडीत एसी विकलेत मी. मला एका चिन्याच्या तोंडात मराठी कोंबणं काय अवघड?

त्या दिवसापासून मस्कतच्या आपल्या वादी अदाईत हाँगकाँग मराठी बोलायला लागलं. शुक्रवारी दुपारची जेवणं झाली की तुझ्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. मी लोकांना सांगतो की रांग खाली पेट्रोल पंपापर्यंत जायची. तू असतास तर म्हणाला असतास, जिन्यापर्यंत. चल, जिन्यापर्यंत. पण जिना तिसऱ्या मजल्याचा होता हेही सांग.

विनोदी सिनेमे लोकांना सगळ्यात आधी आवडले, कारण ते आपलेच होते. एका मजल्यावर फळ्या ठोकून केलेल्या खोल्या, त्यात दाटीवाटीनं राहणारी बिऱ्हाडं, सगळ्यांत मिळून एक चूल, आणि दारात कमरेवर हात ठेवून उभी घरमालकीण. तिचं तोंड उघडलं की तू तिच्यात आपल्या खालच्या मजल्यावरच्या सगळ्या बायका घुसवायचास. त्या समोर बसलेल्या असायच्या आणि दुसरीकडे बोट दाखवून हसायच्या. हसनचाचांच्या नातीनं शाळेत भूगोलाच्या पेपरात लिहिलं, हाँगकाँगची भाषा मराठी. बाईंनी चूक दिली. चाचा म्हणाले, "चूक कशी? आम्ही दर जुम्म्याला ऐकतो." आणि ते शाळेत भांडायला गेले. मला वाटतं ते जिंकलेही.

पण तुझा खरा जीव त्या गाण्याच्या सिनेमांवर. रंगवलेले महाल, पुठ्ठ्याचा चंद्र, आणि हाताच्या पुढे हातभर लोंबणाऱ्या पांढऱ्या बाह्या. ती बाई बाही झटकायची, गुंडाळायची, डोळ्यांशी न्यायची, आणि तू टॉवेलचं टोक तसंच करायचास. तुझा आवाज इतका वर चढायचा की मागच्या उघड्याबोडक्या डोंगरावरच्या शेळ्या उतरून बिल्डिंगखाली जमायच्या. शेळ्या मी वाढवून सांगत नाही. कमी करून सांगतोय.

आणि अर्बाब? बिल्डिंगचा मालक, पांढऱ्या पायघोळ डिशडाशातला उंचापुरा म्हातारा, एका शुक्रवारी दार ठोठावत वर आला. कुणीतरी बाईला मारतंय असं त्याला खालून वाटलं होतं. दार मी उघडलं. तो मला बाजूला सारून आत आला, कमरेवर हात ठेवून गरजला, "कौन औरत रोता इधर?"

हॉलमधल्या सगळ्या माना तुझ्याकडे वळल्या. तू टॉवेल न काढता, मिशीसकट, हात वर केलास. "मैं."

अर्बाबनं तुझ्याकडे बघितलं. टीव्हीकडे बघितलं. तिथे राजकन्या अजून हुंदके देत होती, बिनआवाजाची. मग तो सावकाश खाली बसला, मांडी घातली आणि म्हणाला, "यल्ला. फिर क्या हुआ?" त्यानंतर बिल्डिंगमधलं पाणी कधी गेलं नाही. म्हणजे गेलं, पण शुक्रवारी नाही.

तर, हिरो. शनिवारी तू ऑफिसात लामला विचारलंस आणि संध्याकाळी माझ्या दुकानात वरातीतल्या नवरदेवासारखा आलास. लाम म्हणाला होता, हो, बाईच. त्या सिनेमांत राजबिंडा तरुण हिरो बरेचदा बाईच करते, तशी रीतच आहे, आणि त्याच्या आईच्या पिढीतल्या बायका त्या हिरोवर जीव टाकायच्या. तू माझ्या टेबलावर हात आपटलास. "आपल्याकडे संगीत नाटकात बाप्ये शालू नेसून पदं म्हणायचे. त्यांच्याकडे बायका चिलखत घालतात. फिट्टंफाट. हिरो इकडे दे."

मी म्हटलं, "आपण पात्राला आवाज देतो की नटीला? पात्र पुरुष आहे. खलास."

"गाते कोण? बाई. गळा बाईचा, मग गळा माझा."

"मग तू स्वतः कोण? बाप्या. मग तुझ्या राजकन्या कुणाच्या?"

यावर तू जे बोललास ते छापण्यासारखं नव्हतं. हे भांडण आपण रुवीच्या ट्रॅफिकमध्ये केलं, लग्नाच्या पंगतीत केलं, आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात स्टेजमागे केलं आणि माईक चालू राहिला म्हणून अख्ख्या हॉलनं ऐकलं. मी कधी हिरो सोडला नाही. सोडला असता तर तू भांडला नसतास, आणि न भांडणारा प्रभाकर मला कशाला हवा होता?

पण मित्रा, मला माहीत होतं की हा सगळा तमाशा तू कुणासाठी करायचास. एकदा सगळे गेल्यावर टॉवेलची घडी करताना तू म्हणालास, "प्रज्ञाच्या कानावर आपलं बोलणं पडावं रे. दुसरं काय." प्रज्ञा तेव्हा शाळेत. मैत्रिणींशी इंग्रजी, फोनवर इंग्रजी, रागावली तरी इंग्रजी. मराठी बोलताना ती ओल्या फरशीवरून चालल्यासारखी एकेक शब्द चाचपून टाकायची. "बाबा, मी जेवली. बाबा, माझा पुस्तक कुठे आहे?" तू कधी चूक काढली नाहीस. पण तुझा चेहरा मी बघायचो. तुझी आई त्याच बोलीत तुला रागवायची, त्याच बोलीत तिनं तुला शाळेत धाडलं, आणि ती बोली आपल्यापाशी संपणार ही एकच भीती तुला होती. बाकी कशाला म्हणजे कशालाच तू घाबरत नव्हतास. माझ्या ड्रायव्हिंगलाही नाही.

आणि प्रज्ञा तर शुक्रवारी टीव्हीकडे पाठ करून बसायची. कानात वॉकमन, मांडीवर गणित. हसायची नाही, रडायची नाही. मी एकदा म्हटलं, "पोरी, तुझे बाबा तिथे प्राण सोडतायत, बघ तरी." ती म्हणाली, "काका, बाबा दर फ्रायडेला मरतात."

मग लाम हाँगकाँगला परत गेला, कॅसेटींचं खोकं तुझ्याकडेच ठेवून. लोकांकडे सीडी आल्या, मग डिश आली, मग लोक यायचे कमी झाले. तू मात्र दमट हवेनं बुरशी धरलेल्या त्या कॅसेटी उन्हात धरून पुसायचास. प्लेअरचं हेड पुसायला स्पिरिट संपलं की मत्रहहून आणलेलं अत्तर लावायचास. त्यामुळे आपल्या सिनेमांना उदाचा वास यायचा. लोक मला थापाड्या म्हणतात, पण हे वहिनीला विचारा.

आणि मग तुझा घसा. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. मुंबईला ऑपरेशन झालं, तू परत आलास, आणि आवाज तिकडेच राहिला, एवढंच. घरी भेटायला आलो तेव्हा मला बोलायला काही सुचेना. मला! तू माझ्याकडे बघून खांदे हलवून हसलास, बिनआवाजाचं. जणू म्हणत होतास, निदान एकाची तरी बोलती बंद झाली म्हणून बरं, आता तू तरी चालू राहा.

डॉक्टरांनी वहिनीला जे सांगितलं ते तिनं मला जिन्यात सांगितलं. प्रज्ञा पुण्याहून कॉलेजच्या सुट्टीत आली होती आणि शनिवारी परत जायची होती. त्याआधी एकच शुक्रवार होता.

त्या शुक्रवारी तू बोटानं खोकं दाखवलंस. मी कॅसेट लावली, तीच, सेनापतीची. हसनचाचा आले, वाकून, काठी टेकत, पण पातेल्यासकट. तू माझी बाही ओढलीस. पडद्यावरच्या राजकन्येकडे बोट केलंस. मग डायनिंग टेबलाशी बॅग भरत बसलेल्या प्रज्ञाकडे. मग स्वतःच्या कानाकडे.

मला कळलं. तिला विचारण्यात अर्थ नव्हता. आदल्या दिवशी वहिनीनं विचारलं होतं आणि पोरगी म्हणाली होती, "आई, माझा मराठी फनी आहे. सगळे हसतील. बाबांसमोर नको." तिला बाबांना दुखवायचं नव्हतं, म्हणून ती नाही म्हणत होती. असल्या नाही म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला कसं वळवायचं ते एसीवाल्याला माहीत असतं. समजावायचं नाही. दुसरा कसला भिकार माल विकतो ते फक्त दाखवायचं.

तर सेनापती लढाईला निघाला. राजकन्येनं वाट अडवली, बाही डोळ्यांशी नेली आणि तिचं ते लांबच लांब गाणं सुरू झालं. तिथे तू वर्षानुवर्षं एकच वाक्य बोलायचास, गाणं संपता संपता, हळू. मी तिथे घुसलो. माझा रेड्यासारखा आवाज शक्य तितका बारीक करून म्हटलं, "अहो, चाललातच आहात तर येताना मत्रहहून सुरमई आणा! तुकडे करूनच आणा, मला साफ करायचा कंटाळा येतो!"

हसनचाचा फुस्सकन हसले. तू डोळे मिटलेस.

"आणि हो, चिलखत धुवायला टाकून जा! मागच्या लढाईचा वास येतोय!"

"काका, स्टॉप."

"आणि घोड्याला सांगा..."

"काका! ती तसं नाही म्हणत!"

"मग कसं म्हणते?"

"आई, सांग ना काकांना."

वहिनीनं स्वयंपाकघरातून डोकंही बाहेर काढलं नाही. "माझे हात पिठात आहेत. तूच सांग."

प्रज्ञा उठली. तिच्या हातात घडी घालायचा राहिलेला एक दुपट्टा होता. ती सोफ्याच्या मागे, तुझ्या मागे येऊन उभी राहिली, तुझा चेहरा दिसणार नाही अशी. गाणं संपत आलं होतं. राजकन्येनं मान खाली घातली आणि प्रज्ञानं आधी घसा साफ केला. रडण्याआधी तू करायचास ना, अगदी तसाच. मग ती बोलली.

"जाताव तर जावा. पण भाकर खाऊन जावा. रिकाम्या पोटी लढाई नाय होयाची, आन् मला हितं घास नाय उतरायचा."

एक शब्द इकडचा तिकडे नाही. चाचपणं नाही. 'नाय' वरचा तुझा तो हेल, 'घास' पाशी घेतलेला श्वास, सगळं. तिनं स्वतः कधी तव्यावर भाकर टाकलेली मी बघितली नाही, महाडला ती फार तर उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलेली. आणि तिच्या तोंडातून तुझी आई बोलत होती.

मी तुझ्याकडे बघितलं. तुझे ओठ हलत होते. इतकी वर्षं पडद्यावरच्या बायकांचे ओठ हलायचे आणि आवाज तुझा असायचा. त्या दिवशी ओठ तुझे होते.

मग सेनापतीनं उत्तर द्यायचं होतं. मी तोंड उघडलं. तर तू काय करावंस? ओल्या डोळ्यांनी, बोट आधी सेनापतीकडे आणि मग स्वतःच्या छातीकडे. हिरो माझा! मेल्या, त्या क्षणीसुद्धा! मी ओरडलो, "नाही देणार! काय वाट्टेल ते कर, नाही देणार!" तू सोफ्यावर हात आपटत हसलास, मागे प्रज्ञा रडत रडत हसली, आणि सेनापती तेवढ्यात न बोलताच लढाईला निघून गेला. मराठीत त्याचं उत्तर राहूनच गेलं.

पुढचा सगळा सिनेमा राजकन्या तिनंच केली. शेवटी तू मागे हात नेऊन तिचा हात धरलास. मी त्या वेळी टीव्हीमागची वायर तपासत होतो. तू बाई होऊन रडायला लागलास की मी नेहमीच काहीतरी शोधायला खाली वाकायचो. कधी रिमोट, कधी चष्मा. मला चष्मा नाही हे तू कधी बोलून दाखवलं नाहीस. त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते, ते आज मानतो.

आणि आणखी एका गोष्टीसाठीही. या वाळूत, घरापासून इतक्या लांब, आपण सगळे नोकरीपुरते आलेले. तू मात्र आमच्या शुक्रवारांना एक गाव दिलंस. त्यात डोंगर हाँगकाँगचा, राजा चीनचा, बिर्याणी रत्नागिरीची आणि बोली महाडची. असं गाव नकाशात नाही, पण मी तिथला रहिवासी आहे, आणि कुणी विचारलं तर छाती काढून सांगतो.

परवा वादी अदाईत तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, तुझ्या फोटोला फुलं वाहून झाली, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बोललो. किती वेळ बोललो ते विचारू नकोस. शेळ्या दुप्पट झाल्या, अर्बाबच्या हातात तलवार आली, आणि त्या शेवटच्या शुक्रवारची गोष्ट सांगताना मी असा काही पेटलो की स्वतःलाच ओळखेना. मी म्हणालो, मातृभाषा रक्तात असते. मी म्हणालो, महाडची माती समुद्र ओलांडून लेकराच्या जिभेवर येते. मी म्हणालो, ज्या पोरीनं पाठ फिरवली तिच्याच पाठीतून बापाची वाणी आत झिरपली, हा चमत्कार आहे, आणि विज्ञानानं याचं उत्तर द्यावं! मागच्या रांगेत एकानं टाळीही वाजवली, मग आजूबाजूला बघून हात खाली घेतले.

प्रज्ञाही कॉलेज बुडवून आईबरोबर गावाहून इकडे आली होती. ती ट्रेमध्ये चहाचे रिकामे कप गोळा करत होती. मी सगळ्यांसमोर तिला थांबवलं. माझा आवाज कापत होता, आणि या वेळी मी तो कापवत नव्हतो.

"सांग पोरी, तूच सांग सगळ्यांना. त्या दिवशी ते वाक्य, तो हेल, तो बाबांचा श्वाससुद्धा, हे सगळं तुझ्यात कुठून आलं?"

तिनं माझ्या हातातला कप घेतला, ट्रेमध्ये ठेवला आणि म्हणाली, "काका, घरात टीव्ही एकच होता."